कर्णबधिरांचे विशेष शिक्षण आणि अध्यापकांची मते : एक परीक्षण

अध्यापकांची मते अजमावून त्यांवर प्रबंधिका सिद्ध करण्याची प्रथा आपल्या विद्यापीठांतील शिक्षणशास्त्र-विभागांत आता चांगलीच रुजली आहे. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या विशेष शिक्षणाविषयी ज्या प्रबंधिका गेल्या काही वर्षांत प्रस्तुत लेखकाच्या नजरेखालून गेल्या, त्यांपैकी बहुतेकांचा साचा एकच होता. प्रथम वीस-पंचवीस विधानांची प्रश्नावली. प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच रकाने, म्हणजे लिकर्टने १९३२ मध्ये रूढ केलेली मोजपट्टी. मग शेकडेवारीची कोष्टके. आणि अखेरीस 'अध्यापकांचा दृष्टिकोन अनुकूल आहे' किंवा 'संमिश्र आहे' असा एक निष्कर्ष. या निष्कर्षांच्या आधाराने पुढे शिफारशी केल्या जातात, आणि शिफारशींतून प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम घडतात. मुलाला कोणत्या भाषेतून शिकवावयाचे, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमांत केव्हाच निकालात निघालेला असतो. २०११ च्या जनगणनेत श्रवणविषयक विकलांगतेच्या रकान्यात सुमारे ५० लाख ७१ हजार माणसे नोंदली गेली आहेत. तेव्हा ही मते कशी गोळा केली जातात आणि त्यांचा अर्थ कसा लावला जातो, याची छाननी करणे हे केवळ संशोधनपद्धतीच्या काटेकोरपणासाठी आवश्यक आहे असे नव्हे.

छाननीची सुरुवात स्वतःपासून केलेली बरी. सुमारे अकरा वर्षांपूर्वी अशाच एका प्रबंधिकेचा मी बहिःस्थ परीक्षक होतो. विषयात 'भाषा' हा शब्द होता म्हणून भाषाविज्ञानाच्या माणसास बोलावले असावे. परिशिष्टात नमुन्यादाखल काही भरलेल्या प्रश्नावल्या जोडल्या होत्या. त्यांतील एकीत 'खुणांमुळे मुलाच्या वाचेची वाढ खुंटते' या विधानापुढचे पाचही रकाने कोरे होते आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते : "कोणाच्या खुणा? माझ्या की मुलांच्या?" संशोधिकेने या उत्तराची गणना 'मत नाही' या सदरात केली होती. मी ते वाचले, किंचित हसलो आणि पान उलटले. प्रबंधिकेवर 'परिश्रमपूर्वक केलेले काम' असा शेरा दिला. समासातील त्या प्रश्नात संपूर्ण प्रबंधिकेपेक्षा अधिक भाषाविज्ञान होते, हे माझ्या ध्यानात यावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

त्या अध्यापिकेने नेमके काय विचारले होते, ते पाहू. 'खुणा' या एका शब्दाखाली मराठीत निदान तीन भिन्न गोष्टी सामावतात. बोलता बोलता आपण सर्वच जण हात हलवतो, ते हातवारे ही एक. कानाने न ऐकणारे मूल घरी आईशी व्यवहार करण्यासाठी जे संकेत आपल्यापुरते तयार करते, ते दुसरी. आणि कर्णबधिरांच्या समाजात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली, स्वतःचे शब्द आणि स्वतःची वाक्यरचना असलेली भाषा ही तिसरी. प्रश्नावलीतील विधान यांपैकी कशाविषयी आहे, याचा उलगडा कोठेच नसतो. काही प्रबंधिकांत 'हावभाव' असा शब्द येतो, काहींत 'सांकेतिक भाषा'. शासकीय मराठीत आज 'भारतीय सांकेतिक भाषा' ही संज्ञा स्थिर झाली आहे हे खरे. परंतु 'सांकेतिक' म्हटले की सामान्य वाचकाच्या मनात गुप्त लिपी किंवा तारायंत्राची कट्ट-कड्ड उभी राहते. म्हणजे मूळ भाषा दुसरीच कोणती तरी असून हे तिचे केवळ रूपांतर आहे, असा ग्रह होतो. 'हावभावांनी शिकवावे काय' असे विचारले असता अध्यापक एक उत्तर देईल, 'भाषेत शिकवावे काय' असे विचारले असता दुसरे देईल. आणि कोष्टकात दोन्ही उत्तरे एकाच रकान्यात बसतील. शिवाय 'प्रशिक्षित अध्यापकांनी खुणांच्या साहाय्याने शिकवावे' यासारखी जोडविधाने असतातच. प्रशिक्षणाला कोण नकार देईल? तो होकार खुणांच्या खाती जमा होतो.

ज्यांच्याविषयी हे सर्व चालते त्यांच्या नावाचाही घोळ आहे. 'मूकबधिर' हा शब्द अनेक शाळांच्या फलकांवर अद्याप आहे, जरी त्यांतील बहुतेक मुलांच्या वागिंद्रियात कसलाही दोष नसतो. 'कर्णबधिर' हा त्यावरचा उतारा म्हणून आला. वस्तुतः बधिरत्व कानाखेरीज अन्यत्र संभवत असते तरच 'कर्ण' या पूर्वपदाची आवश्यकता होती. असो, रूढी बलवान असते, आणि प्रस्तुत लेखातही तोच शब्द वापरला आहे. अधिक गंभीर गोष्ट ही की, या एका शब्दात दोन निरनिराळे विद्यार्थी कोंबले जातात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल वा अधिक श्रवणऱ्हास असणारी व्यक्ती 'बधिर' आणि ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असणारी व्यक्ती 'श्रवणक्षीण' होय. यंत्राच्या साहाय्याने बोलण्याचा बराचसा भाग ग्रहण करणारा श्रवणक्षीण विद्यार्थी आणि ज्याच्यापर्यंत मराठीचा ध्वनी कधी पोचलाच नाही असा विद्यार्थी, यांच्या गरजा एकच विधान करून कशा विचारता येतील? आणि ज्याचा ऱ्हास पन्नासाच्या आतबाहेर आहे, तो तर कायद्याच्या व्याख्येतही येत नाही. पत्र्याच्या छपराखाली, पंखा चालू असलेल्या साठ मुलांच्या वर्गात तो मागच्या बाकावर बसून काय ऐकतो, हे कोणत्याही प्रश्नावलीने विचारल्याचे मला स्मरत नाही.

आता मतांकडे वळू. सर्वाधिक दृढ मत म्हणजे खुणा शिकल्या की मूल बोलावयाचे सोडते. हे मत आपल्या अध्यापकांनी अनुभवातून काढलेले आहे असे समजले जाते. परंतु त्याला वंशावळ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसला द लेपे याने बधिर मुलांच्या खुणांचाच शिक्षणासाठी आधार घेतला, तर १७७८ मध्ये लाइप्झिगला शाळा काढणाऱ्या हाइनिकेने वाचेवाचून विचार नाही असे मानून उच्चारणावर भर दिला. पुढे शंभर वर्षे चाललेल्या या वादाचा निकाल १८८० च्या सप्टेंबरमध्ये इटलीतील मिलान येथे भरलेल्या अध्यापकांच्या परिषदेने वाचिक पद्धतीच्या बाजूने लावला आणि खुणांना वर्गातून हद्दपार केले. तेथे जमलेल्या दीडशेहून अधिक प्रतिनिधींत बधिर माणसे जवळजवळ नव्हतीच. प्रतिकूल मत दिले ते मुख्यतः अमेरिकेच्या मूठभर प्रतिनिधींनी. म्हणजे 'अध्यापकांचे मत' या वस्तूने बधिरांच्या शिक्षणाचे भवितव्य ठरवण्याचा प्रघात काही आजचा नाही. आपल्याकडे मुंबईस माझगावची संस्था निघाली ती मिलाननंतरच्या पाचसात वर्षांत, आणि कलकत्त्याची शाळा १८९३ मध्ये. खुणांवर आधारलेली अशी शाळा येथे अगोदर असती, तर निदान वाद तरी झाला असता. येथे ती परंपराच नसल्यामुळे वाचिक पद्धती ही एक पद्धती म्हणून नव्हे, तर शिक्षण याच नावाने आली. २०१० मध्ये व्हँकूव्हर येथे भरलेल्या याच परंपरेतील आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव अमान्य करून खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षांनी व्यक्त झालेला हा खेद आमच्या प्रशिक्षण-विद्यालयांच्या टिपणवह्यांपर्यंत अद्याप पोचावयाचा आहे.

येथे अध्यापकांनाच दोष देणे अन्यायाचे होईल. आम्ही भाषावैज्ञानिक त्या काळात काय सांगत होतो? सोस्यूरने भाषिक चिन्हाच्या वाचकाचे लक्षण सांगताना त्याचे श्राव्यत्व गृहीत धरले. ब्लूमफील्डने १९३३ च्या आपल्या ग्रंथात खुणांच्या भाषांना सामान्य हातवाऱ्यांचा विस्तार मानून त्यांची वासलात लावली. १९६० मध्ये हॉकेटने मानवी भाषेची जी तेरा लक्षणे मांडली, त्यांतील पहिलेच लक्षण मुखातून कानाकडे जाणारा मार्ग हे होते. आणि त्याच १९६० मध्ये गॅलॉडेट महाविद्यालयातील विल्यम स्टोकी याने अमेरिकेतील बधिरांच्या खुणांचे पृथक्करण करून दाखवून दिले की हस्ताकृती, स्थान आणि हालचाल या घटकांच्या जोडणीतून तेथे शब्द सिद्ध होतात, जसे आपल्याकडे स्वनिमांच्या जोडणीतून होतात. स्टोकीला सहकाऱ्यांनी बरीच वर्षे हसण्यावारी नेले. शास्त्रज्ञांनाच जे १९६० पर्यंत दिसले नाही, ते वर्गातील अध्यापकाला दिसावयास हवे होते असे म्हणणे सोपे आहे.

प्रत्यक्ष मताची सत्यता तपासावयाची झाल्यास एक जुना पुरावा मननीय वाटतो. अमेरिकेत १९६६ मध्ये स्टकलेस आणि बर्च यांनी, आणि १९६८ मध्ये मेडो यांनी, बधिर आईबापांच्या पोटी जन्मून लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या बधिर मुलांची तुलना ऐकणाऱ्या आईबापांच्या बधिर मुलांशी केली. वाचन-लेखनात पहिला गट सरस ठरला. आणि स्टकलेस व बर्च यांना उच्चारणाच्या बाबतीत तो मागे पडल्याचे आढळले नाही. बधिर आईबापांच्या घरी मुलाच्या बधिरपणाचा धक्का बसत नाही, आणि हेही फरकाचे एक कारण असू शकेल. तेव्हा या पुराव्यावर मर्यादेपलीकडे भार टाकू नये. परंतु 'खुणांमुळे वाचा खुंटते' या विधानाला मात्र तो पुरावा निश्चितच अनुकूल नाही.

दुसरे मत भाषावैज्ञानिकाला अधिक जवळचे आहे : खुणांना व्याकरण नसते, म्हणून खुणा करणाऱ्या मुलांचे लेखी मराठी बिघडते. या मताच्या पुष्ट्यर्थ अध्यापक वह्या उघडून दाखवतात, आणि वह्यांतील वाक्ये तशी असतातही. 'आई मुलगी पुस्तक दिला.' 'मी शाळा गेलो.' 'मामा गाव आला.' प्रत्यय नाहीत, लिंगवचनाचा मेळ नाही. परंतु याचे कारण खुणाच, हे कशावरून? एका शाळेत, जेथे वर्गात हात हलवण्यास सक्त मनाई होती आणि मुलांनी हात बाकावर ठेवून बसावे असा दंडक होता, तेथील वह्याही मी पाहिल्या आहेत. त्यांतील वाक्ये वेगळी नव्हती. इंग्लंड आणि वेल्समधील बधिर शाळा सोडणाऱ्या मुलांची जी पाहणी कॉनराड याने १९७९ मध्ये प्रसिद्ध केली, तीत पंधरा-सोळा वर्षांच्या या मुलांचे मध्यम वाचनवय नऊच्या आसपास आढळले. आणि त्या शाळा बहुतांशी वाचिक पद्धतीच्या होत्या.

तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे, आणि ते मराठीच्या घडणीत सापडते. ओष्ठवाचन करणाऱ्या मुलाला मराठी कशी दिसते, याचा विचार करावा. 'पान', 'बाण', 'मान', 'भान' हे चार शब्द आरशासमोर उभे राहून आवाज न काढता उच्चारून पाहावेत. ओठांवर ते एकच आहेत. घोषत्व कंठात, महाप्राणत्व श्वासात आणि अनुनासिकत्व नासिकेत. यांपैकी काहीच डोळ्यांस दिसत नाही. कंठ्य वर्ण तर ओठांच्या आड, जिभेच्या मुळाशी घडतात. त्यामुळे 'ताई गाते' आणि 'ताई खाते' यांतील फरक पाहणाऱ्याला केवळ संदर्भाने कळावयाचा. आणि वाक्याचा सांगाडा ज्यांवर उभा असतो ते प्रत्यय? '-ने', '-ला', '-त', '-हून' हे सर्व शब्दाच्या शेपटीला, आघाताविना, ओझरते उच्चारले जातात. 'आईने मुलीला पुस्तक दिले' या वाक्यात कर्त्याला '-ने' का लागला आणि क्रियापद नपुंसकलिंगी का झाले, हे ऐकणाऱ्या मुलाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी कोणी न शिकवता येते, कारण त्याने ते सहस्रावधी वेळा ऐकलेले असते. ज्याने ते कधी ऐकले नाही आणि ज्याला ते ओठांवर दिसतही नाही, त्याने ते लिहावे अशी अपेक्षा करून, ते न जमल्यास त्याच्या हातांना दोष देणे, हा कार्यकारणभावाचा विपर्यास होय.

खुणांना व्याकरण नसते हे तर सर्वस्वी चूक आहे. भारतीय सांकेतिक भाषेत 'देणे' ही क्रिया दर्शवणारा हात दात्याच्या ठिकाणाकडून घेणाऱ्याच्या ठिकाणाकडे जातो. मराठी जे काम '-ने' आणि '-ला' यांच्याकडून करवून घेते, तेच काम येथे अवकाशातील दिशा करते. आई उजवीकडे आणि मुलगी डावीकडे स्थापित केली की पुन्हा त्यांचे नाव घ्यावयासही नको. भुवया उंचावणे, मान हलवणे यांनाही वाक्यरचनेत नियत कार्य असते; ते केवळ भावदर्शन नव्हे. उलरिके झेशान यांनी २००० मध्ये आणि समर सिन्हा यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्णनांत याचे तपशील पाहावयास मिळतात. मौजेची गोष्ट अशी की, या भाषेत क्रियापद बहुधा वाक्याच्या अखेरीस येते, मराठीप्रमाणेच. खुणांमुळे मराठीचा शब्दक्रम उलटापालटा होतो ही तक्रार ऐकताना हे लक्षात ठेवावे.

तथापि एका ठिकाणी अध्यापकांचे निरीक्षण अचूक आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. या भाषेत प्रश्नवाचक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. 'तुझे नाव काय' येथे मराठीशी जुळते, पण 'तू कुठे जातोस' येथे जुळत नाही. आणि मुले वहीत 'तू जातो कुठे' असे लिहितात. हा खुणांच्या भाषेचा प्रभाव आहे यात शंका नाही. परंतु हा प्रभाव म्हणजे एका भाषेचा दुसऱ्या भाषेवर पडणारा प्रभाव. सोलापुरातील तेलुगु घरच्या मुलाच्या मराठीवर जसा पडतो तसा. तो आढळतो याचाच अर्थ मुलाजवळ अगोदर एक भाषा आहे. (बाकी 'जातोस कुठे?' हे मराठीत अशुद्ध नाहीच. फक्त ते म्हणणाऱ्याच्या हातात छडी असावी लागते.) चुकांचे हे दोन प्रकार, न ऐकल्यामुळे सुटलेले प्रत्यय आणि दुसऱ्या भाषेमुळे बदललेला क्रम, अध्यापकाला वेगळे करता येऊ लागले, तर त्याला प्रत्येक प्रकारासाठी वेगळा उपाय योजता येईल. आज तो दोन्हींवर एकच तांबडी रेघ ओढतो, कारण त्याला वेगळे करावयास कोणी शिकवलेले नाही.

तिसरे मत प्रमाणीकरणाचे. "नागपूरची खूण निराळी, कोल्हापूरची निराळी, शिकवावयाची कोणती?" या प्रश्नात तथ्य नाही असे नाही. वसिष्ठ, वुडवर्ड आणि विल्सन यांनी १९७८ मध्ये दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगळूर येथील खुणांची तुलना केली, तेव्हा शब्दसंग्रहात प्रादेशिक भेद आढळलेच. परंतु ते भेद परस्परसंबद्ध बोलींचे म्हणता येतील अशा स्वरूपाचे होते, आणि युरोपीय खुणांच्या भाषांपासून या बोली स्वतंत्र होत्या. वऱ्हाडी, अहिराणी आणि मालवणी बोलणारी मुले शाळेत येतात म्हणून आपण मराठीतून शिकवण्याचे काम थांबवून ठेवलेले नाही. भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण यांसाठी २०१५ मध्ये दिल्लीस केंद्र स्थापन झाले, त्याच्या कोशात २०१८ मध्ये ३,००० आणि २०२१ मध्ये १०,००० शब्द झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रमाणीकरणाचा पुरस्कार करतानाच स्थानिक खुणांचा आदर राखण्याचेही सांगितले आहे. प्रमाण रूप सिद्ध होईपर्यंत थांबू, असे म्हणणाऱ्याने आपल्या वर्गातील मुलाचे वय तेवढे थांबवून दाखवावे.

आता त्या पेन्सिलीच्या अक्षरांकडे परत जातो. काही वर्षांनी एका निवासी शाळेत मला आठवडाभर राहण्याची संधी मिळाली. मुख्याध्यापक अत्यंत तळमळीचे गृहस्थ होते. त्यांची एक तक्रार होती : वर्गात दिवसभर मेहनत करून उच्चार बसवावे आणि रात्री वसतिगृहात मुलांनी ते सगळे 'बिघडवावे'. मोठी मुले धाकट्यांना खुणा शिकवतात, म्हणाले. मी संध्याकाळी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागलो. दहावीतला एक मुलगा चार लहानग्यांना त्या दिवशीचा इतिहासाचा धडा सांगत होता. अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग होता. खानाचा देह, शामियाना, दोघांची जागा, कोण कोणाकडे किती पावले गेला, हे सर्व त्याने हवेत उभे केले होते आणि एकदा जागा ठरल्यावर त्या शेवटपर्यंत बदलल्या नाहीत. लहानगे मधूनच प्रश्न विचारीत. दुपारी हाच धडा वर्गात झाला तेव्हा एकाही मुलाने प्रश्न विचारला नव्हता. ती गुरुजींच्या ओठांकडे बघत होती आणि फळ्यावरील शब्द उतरवून घेत होती. वर्गात गुरुजींचे हात रिकामे होते असे नाही. तेही खुणा करीत; परंतु मराठी बोलता बोलता, मराठीच्या क्रमाने, मधल्या मधल्या शब्दांना. '-ने' आणि '-ला' यांना खूण नसल्यामुळे ते गळत. आणि जागा ठरवण्याची पद्धत ठाऊक नसल्यामुळे दिशाही गळे. जे उरे त्यात धड मराठी नसे, धड मुलांची भाषाही नसे. एकाच वेळी बोलणे आणि खुणा करणे या पद्धतीविषयी गॅलॉडेट विद्यापीठातील जॉन्सन, लिडेल आणि अर्टिंग यांनी १९८९ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. तो मी वाचलेला होता, पाहिलेला नव्हता.

कोणाच्या खुणा, माझ्या की मुलांच्या? त्या अध्यापिकेला हा भेद दिसला होता. तिच्या मते कदाचित स्वतःच्या खुणांनी वाढ खुंटत असेल आणि मुलांच्या खुणांनी खुंटत नसेल; किंवा उलटही असेल. आम्ही विचारलेच नाही. तिचे उत्तर 'मत नाही' असे नोंदले गेले.

निकाराग्वातील प्रसंग या संदर्भात सर्वांना माहीत असावा. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वामध्ये बधिर मुलांना प्रथमच मोठ्या संख्येने एका शाळेत आणले गेले. शिक्षण ओष्ठवाचनाचे आणि स्पॅनिश शब्दांचे. त्यात यश फारसे नव्हते. मुलांनी मात्र आपापल्या घरच्या खुणा क्रीडांगणावर आणि शाळेच्या गाड्यांत एकत्र आणल्या, आणि पुढच्या वर्षांत आलेल्या लहान मुलांनी त्यांची एक सुघटित भाषा बनवली. शाळेतील मोठ्यांना मुले काय बोलतात ते समजेना, तेव्हा १९८६ मध्ये जूडी केगल या भाषावैज्ञानिकेला पाचारण करण्यात आले. त्या काळी तेथील अध्यापकांची मतपाहणी घेतली असती, तर 'या मुलांना भाषा नाही' या विधानाला किती अध्यापक सहमत झाले असते, याची कल्पना करता येते.

याचा अर्थ अध्यापकांची मते टाकाऊ आहेत असा कोणी करू नये. काही गोष्टी फक्त त्यांनाच ठाऊक असतात, आणि नेमक्या त्याच त्यांना विचारल्या जात नाहीत. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो आणि श्रवणयंत्राचा साचा सैल होऊन शिट्टी वाजू लागते. नवा साचा येईपर्यंत यंत्र दप्तरात राहते. बॅटरी महिनाअखेरीस संपते. कोकणातील पावसाळ्यात दमट हवेने यंत्रे बंद पडतात. २०१४ पासून केंद्रशासनाच्या साहाय्य-योजनेतून कर्णशंखात यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया होऊ शकते, ही मोठीच सोय झाली. पण शस्त्रक्रियेनंतरची दीर्घकाळची शिकवणी कोणी द्यावयाची आणि खेड्यातल्या आईने तिच्यासाठी किती वेळा जिल्ह्याच्या गावी यावयाचे, हे अध्यापिका बोटे मोजून सांगतात. अशा मुलाला बरोबरीने खुणांची भाषाही द्यावी की देऊ नये, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. सर्वसामान्य शाळेतील अध्यापकांची स्थिती आणखी कठीण. त्यांच्या वर्गात एकच कर्णबधिर मूल असते, फिरता विशेष शिक्षक कधीतरी येतो, आणि मूल 'शांत आहे, त्रास देत नाही' अशी नोंद होते. अशा अध्यापकाने 'कर्णबधिरांनी विशेष शाळेतच जावे' या विधानास सहमती दर्शवली, तर ते मुलाविषयीचे मत नसून स्वतःच्या असहाय्यतेचे निवेदन असते. कोष्टक त्याला 'समावेशनास प्रतिकूल' म्हणून मोजते.

कायदा आता मतपाहणीच्या पुढे गेला आहे. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात 'भाषा' या संज्ञेत खुणांच्या भाषा स्पष्टपणे अंतर्भूत आहेत. २०१६ च्या अधिनियमाने बधिर मुलांना सर्वांत योग्य अशा भाषेतून व साधनांनी शिक्षण देण्याचे आणि खुणांच्या भाषेत पारंगत अध्यापक, दिव्यांग अध्यापकांसह, नेमण्याचे कर्तव्य सांगितले आहे. २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने भारतीय सांकेतिक भाषा हा माध्यमिक स्तरावरील भाषाविषय म्हणून स्वीकारला. इचलकरंजीच्या दिलीप देशमुख यांचे बधिरांच्या द्वैभाषिक शिक्षणावरील पुस्तक तर १९९७ मधलेच. महाराष्ट्रातून निघालेल्या या पुस्तकाचा उल्लेख महाराष्ट्रातील प्रबंधिकांच्या संदर्भसूचीत क्वचित आढळतो, हे आपल्या वाचनाविषयी पुरेसे बोलके आहे. अध्यापक अनुकूल आहेत की प्रतिकूल, यापेक्षा त्यांना ही भाषा कितपत येते, हे आता विचारावयास हवे.

म्हणून या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एक सूचना ठेवतो. प्रश्नावली वाटण्यापूर्वी त्याच शाळेतील एखाद्या मोठ्या मुलाचे, त्याच्या व त्याच्या पालकांच्या संमतीने, दोन मिनिटांचे चित्रमुद्रण करावे. त्याने कालचा दिवस कसा गेला ते आपल्या मित्रास सांगावे. ते चित्र अध्यापकांना दाखवून मुलगा काय म्हणाला ते लिहून घ्यावे. आणि मग पाच रकान्यांचा कागद त्यांच्या हाती द्यावा. किती समजले आणि कोणते मत दिले, यांचा परस्परसंबंध तपासल्याविना शेकडेवारी छापू नये. चित्राचा अर्थ लावण्यासाठी बधिर सहकारी लागेल. त्याचे मानधन खर्चाच्या अंदाजपत्रकात प्रथम धरावे, टंकलेखनानंतर नव्हे. मतदात्यांत बधिर अध्यापक जेथे असतील तेथे त्यांचा समावेश करावा, आणि त्यांच्यासाठी प्रश्नावली छापील मराठीत न देता त्यांच्या भाषेत चित्रित करून द्यावी. आणि प्रत्येक विधानाखाली दोन ओळींची जागा कोरी सोडावी. समासात लिहिण्याची वेळ कोणावर येऊ नये. आणि तरीही कोणी लिहिलेच, तर ते 'मत नाही' या सदरात घालण्यापूर्वी मार्गदर्शकास दाखवावे.